शीतयंत्रे आणि त्यांचे राखणदार

नगरपालिका किंवा जिल्हा परिषद म्हटली, की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढे रस्ते, नळ, दिवे, शाळा आणि दवाखाने उभे राहतात. या दृश्य सेवांच्या पाठीमागे आणखी एक सेवा मूकपणे चालू असते. ती नीट चालली असता कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु एखादी रात्र ती खंडित झाली, तर शेकडो बालकांसाठी आणलेली लस वाया जाते, रक्तपेढीतील रक्त टाकून द्यावे लागते, आणि शवागारात आप्तांची वाट पाहत असलेल्या देहांची हेळसांड होते. ही सेवा म्हणजे थंडावा टिकवून ठेवण्याची. शीतकपाटे, शीतगृहे आणि वातानुकूलन यंत्रे यांची निगा राखणाऱ्या कारागिराला व्यवहारात 'रेफ्रिजरेशन मेकॅनिक', 'एसी मेकॅनिक' अथवा नुसते 'फ्रिजवाला' असे म्हणतात. नोकरीच्या पहिल्या पायरीवर उभा असलेला असा कारागीर काय शिकतो, काय करतो, आणि त्याच्या हातून घडणाऱ्या लहानशा कृतीवर किती गोष्टी अवलंबून असतात, याची ओळख येथे करून घ्यावयाची आहे.

नगरसंस्थेला थंडावा कशासाठी?

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून आपल्या देशात स्थानिक स्वराज्याची कल्पना रुजू लागली. सार्वजनिक आरोग्य हा या संस्थांच्या कर्तव्यांपैकी एक प्रमुख भाग. १९९२ मध्ये संसदेने संमत केलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांच्याकडे सोपवावयाच्या विषयांच्या ज्या याद्या घटनेत जोडल्या, त्यांतही आरोग्याचा समावेश आहे. मुंबईची महानगरपालिका केईएम, नायर आणि शीव येथील लोकमान्य टिळक यांसारखी मोठी रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांसह चालवते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याच देखरेखीखाली आहेत.

या सर्व ठिकाणी थंडावा ही चैनीची वस्तू नसून औषधाइतकीच आवश्यक बाब आहे. आणि औषधाप्रमाणेच तिची मात्राही ठरलेली असते. साठवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस या तापमानात ठेवाव्या लागतात. गोठवलेल्या रक्तद्रवाला, म्हणजे प्लाझ्माला, शून्याखाली ३० अंश किंवा त्याहून कमी तापमान हवे. उलट, रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, २० ते २४ अंशांतच सुखरूप राहतात. त्या शीतकपाटात ठेवल्या तर निकामी होतात. बहुतेक लसींसाठी २ ते ८ अंश ही मर्यादा आहे. शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलनाचा हेतू तर केवळ गारवा नव्हेच. तेथे हवा सूक्ष्म गाळण्यांतून गाळून आत सोडतात, आणि खोलीतील दाब बाहेरच्या बोळापेक्षा किंचित अधिक राखतात. त्यामुळे दार उघडले, की हवा आतून बाहेर जाते, बाहेरची धूळ व जंतू आत शिरत नाहीत. गाळणी तुंबली तर खोली गार राहूनही रुग्ण असुरक्षित होतो. सारांश, नगरसंस्थेतील कारागिराला 'गार झाले का?' एवढ्यावर थांबून चालत नाही. 'किती गार, कोठे, आणि किती वेळ?' हे त्याला विचारावे लागते.

थंडी निर्माण करता येते काय?

काटेकोरपणे बोलावयाचे तर थंडी ही वस्तूच नव्हे. उष्णतेचा अभाव म्हणजे थंडी. म्हणून शीतयंत्र थंडी 'तयार' करीत नाही; ते एका जागेतील उष्णता उचलून दुसऱ्या जागी टाकते. आपल्या घरातील मातीचा माठ हेच काम करतो. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, त्या वाफेला लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते, आणि पाणी गार होते. वाळ्याच्या ओल्या ताटीमागील तत्त्वही हेच. द्रवाची वाफ होताना जी उष्णता गुप्तपणे खर्ची पडते, तिला सुप्त उष्णता अथवा गुप्तोष्मा म्हणतात. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना स्पष्ट केली.

माठात मात्र एक उणीव आहे. त्यातील वाफ हवेत निघून जाते आणि पाणी पुनःपुन्हा भरावे लागते. शिवाय पावसाळ्यात हवा दमट असली, की माठ गार होत नाही. ही वाफ कोंडून धरली, तिचे पुन्हा पाणी केले आणि तेच पाणी पुन्हा वापरले तर? शीतयंत्र म्हणजे असा बंदिस्त माठ होय. फरक इतकाच, की त्यात पाण्याऐवजी फार कमी तापमानास उकळणारा द्रव असतो. त्याला शीतक म्हणतात. कारखान्याच्या बोलीत 'गॅस'.

द्रव किती तापमानास उकळेल, हे त्याच्यावरील दाबावर अवलंबून असते. समुद्रकाठी १०० अंशांना उकळणारे पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर सुमारे ९५ ते ९६ अंशांनाच उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी असतो. शीतयंत्राचे सारे कौशल्य या एका नियमात सामावले आहे. यंत्राच्या थंड बाजूस दाब कमी ठेवला जातो. तेथे शीतक उकळतो आणि कपाटातील उष्णता शोषून घेतो. ही वाफ संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, ओढून घेतो आणि दाबून तप्त करतो. मग ती कपाटामागील अथवा खिडकीबाहेरील नळ्यांच्या जाळीत जाते. तेथे ती बाहेरच्या हवेपेक्षाही उष्ण असल्यामुळे आपली उष्णता हवेला देऊन टाकते आणि पुन्हा द्रव बनते. या जाळीस संघनक किंवा कंडेन्सर असे नाव आहे. पुढे हा द्रव एका केसासारख्या बारीक नळीतून अथवा झडपेतून जातो, त्याचा दाब एकदम उतरतो, आणि तो पुन्हा उकळावयास सिद्ध होतो. असे हे चक्र अखंड चालते.

हेच चक्र उलटे फिरवले, तर बाहेरची उष्णता आत आणता येते. चार तोंडांच्या एका झडपेने शीतकाची दिशा बदलली, की उन्हाळ्यात खोली गार करणारे यंत्र हिवाळ्यात ती उबदार करते. काश्मीर, हिमाचल प्रदेश, लडाख अशा थंड प्रदेशांत या उपयोगाला विशेष महत्त्व आहे.

बर्फाच्या जहाजापासून यंत्रापर्यंत

१८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याचे जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्यास आले. चार महिन्यांच्या प्रवासात वितळून उरलेला बर्फ सुमारे १०० टन भरला. तळ्यांतील बर्फ कापून, भुश्श्यात गुंडाळून, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आणण्याचा हा व्यापार पुढे मुंबई-मद्रासपर्यंत पसरला.

त्याच काळात यंत्राचाही पाया घातला जात होता. विल्यम कलन यांनी निर्वात पंपाच्या साह्याने ईथर उकळवून थंडी मिळवली आणि १७५६ मध्ये त्या प्रयोगांचे वृत्त प्रसिद्ध केले. १८३४ मध्ये जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये बंदिस्त चक्राच्या यंत्राचे एकस्व घेतले. १८७० नंतरच्या दशकात कार्ल फोन लिंडे यांनी अमोनियावर चालणारी भरवशाची यंत्रे तयार केली. आणि १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता आवरणारी योजना आखली. दमट हवेने कागद फुगत असे, आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. आजच्या वातानुकूलनाचा उगम या अडचणीत आहे.

जुन्या काळाची एक खूण कारागिराच्या भाषेत अजून शिल्लक आहे. तो यंत्राची शक्ती 'टना'त सांगतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता तेवढ्याच वेळात उचलणारे यंत्र एक टनाचे. एक किलो बर्फ वितळण्यास सुमारे ८० किलोकॅलरी लागतात; त्यावरून हिशेब केला, तर एक टन म्हणजे ताशी सुमारे ३,०२४ किलोकॅलरी, किंवा साडेतीन किलोवॅट. बर्फाची जहाजे गेली. माप मात्र राहिले.

शिक्षण आणि उमेदवारी

आपल्या देशात कारागिरांच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय योजना १९५० मध्ये सुरू झाली. तिच्याखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रशीतन व वातानुकूलन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दहावीपर्यंत विज्ञान व गणित शिकलेल्या मुलामुलींना त्यात प्रवेश मिळतो. कानशीने धातू घासण्यापासून आरंभ होतो. मग तांब्याची नळी न चेपता वाकवणे, तिचे तोंड फुलवणे, झाळकाम करणे, विजेच्या जोडण्या, मोटरची गुंडाळी तपासणे असे एकेक पाठ होतात. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार एखाद्या आस्थापनेत उमेदवारी करता येते. मोठ्या महानगरपालिकांचे यांत्रिकी आणि विद्युत विभाग असे उमेदवार घेतात. या काळात पूर्ण पगार नसतो, विद्यावेतन मिळते.

नवख्या उमेदवाराच्या वाट्याला पहिले काही महिने येते ते बिनमानाचे काम. गाळण्या काढून धुणे, संघनकाच्या पत्र्यांमधील धूळ मऊ ब्रशाने काढणे, पाणी वाहून नेणारी तुंबलेली नळी मोकळी करणे, शिडी धरणे आणि नोंदवहीत आकडे लिहिणे. पुष्कळांना याचा कंटाळा येतो. परंतु याच कामात धंद्याचे मर्म आहे. संघनकावर धुळीचा थर बसला, की उष्णता बाहेर टाकली जात नाही, आतील दाब वाढतो, संपीडक अधिक वीज खातो आणि अखेर जळतो. काही मिनिटांच्या सफाईने जे टळले असते, त्यासाठी हजारो रुपयांचा संपीडक बदलावा लागतो. आणि तो पैसा करदात्याचा असतो.

जुने मिस्त्री उमेदवाराला सांगतात, "आधी बघ, मग ऐक, मग हात लाव, पान्हा सर्वांत शेवटी." या सूत्रात शास्त्रीय पद्धतीच सांगितली आहे. 'यंत्र गार करीत नाही' अशी तक्रार आली असता वीज पुरेशा दाबाने येते का, पंखा फिरतो का, गाळणी स्वच्छ आहे का, दार नीट लागते का, संघनकासमोर कोणी खोकी रचून ठेवली आहेत का, हे क्रमाने पाहावयाचे. साध्या कारणांपासून अवघड कारणांकडे जावयाचे. या क्रमाने जाणाऱ्याला पुष्कळदा पान्हा पिशवीतून काढावाही लागत नाही.

लसीचे शीतकपाट

या कारागिराच्या कामाची खरी कसोटी लसीच्या साठ्यापाशी लागते. भारतात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. कारखान्यात लस तयार झाल्यापासून ती बालकाच्या दंडात अथवा तोंडात जाईपर्यंत ठरावीक थंडीत राहिली पाहिजे. मुंबई, कोलकाता, चेन्नई व कर्नाल येथील शासकीय भांडारे, राज्यांची व विभागांची शीतगृहे, जिल्ह्याचे भांडार, आरोग्य केंद्राचे शीतकपाट आणि अखेर परिचारिकेच्या खांद्यावरील लसवाहक पेटी, अशा या साखळीस शीतसाखळी म्हणतात. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते; आणि ती कडी बहुधा दूरच्या आरोग्य केंद्रात असते, जेथे वीज वारंवार जाते आणि कारागीर यावयास वेळ लागतो.

म्हणून तेथे साधे घरगुती शीतकपाट न ठेवता बर्फाचे अस्तर असलेले कपाट ठेवतात. त्याच्या भिंतींत पाण्याच्या नळ्या अथवा पिशव्या असतात. वीज असताना त्यांतील पाणी गोठते. वीज गेली, की तो बर्फ वितळत वितळत कपाट गार ठेवतो. दिवसाच्या २४ तासांत आठ तास वीज मिळाली, तरी हे कपाट आपले काम करू शकते. त्याचे दार पुढे नसून वर असते. थंड हवा जड असल्यामुळे वरचे झाकण उघडले, तरी ती विहिरीतील पाण्यासारखी तळाशीच राहते.

लोकांचा असा समज असतो, की लस उष्णतेनेच बिघडते. म्हणून जितकी अधिक थंडी, तितकी ती अधिक सुरक्षित. हा समज धोक्याचा आहे. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस उष्णतेने लवकर निकामी होते, ती गोठवून ठेवता येते. परंतु हिपॅटायटिस-बी, धनुर्वात आणि पंचगुणी लस यांना गोठणे सोसत नाही. त्यांत ॲल्युमिनियमच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. गोठताच ते एकमेकांस चिकटून गठ्ठे बनतात आणि लसीची शक्ती जाते. पुढे ती वितळली, तर वरवर पाहणाऱ्यास काहीच कळत नाही. संशय असल्यास ती कुपी आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली त्याच गटाची दुसरी कुपी एकत्र हलवून शेजारी ठेवतात. दोहोंतील साका सारख्याच वेगाने खाली बसला, तर ती लस टाकून द्यावयाची.

समजा, एखाद्या आरोग्य केंद्रातून सकाळी निरोप आला, की कपाटातील तापमापक ११ अंश दाखवीत आहे. नवख्या कारागिराला वाटते, लगेच निघावे आणि यंत्र खोलावे. जाणता कारागीर प्रथम दूरध्वनीवर विचारतो, "सिस्टर, लस कुठं आहे?" यंत्र नंतरही दुरुस्त होईल, लस आधी वाचली पाहिजे. ती शीतपेटीत हलवावयाची. पण शीतपेटीतील बर्फाच्या पिशव्या अतिशीत कपाटातून काढल्याबरोबर वापरावयाच्या नाहीत. त्या बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत थांबावयाचे. नाही तर उष्णतेपासून वाचवलेली लस बर्फाच्या स्पर्शाने गोठावयाची.

मग कारागीर पोहोचतो. बिघाड विजेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या उपकरणात सापडतो आणि तासाभरात यंत्र सुरू होते. या क्षणी एक मोह असतो. कपाट लवकर गार व्हावे, म्हणून तापनियंत्रकाची कळ शेवटपर्यंत फिरवावी आणि परतीची गाडी गाठावी. असे केले, तर मध्यरात्री कपाट शून्याखाली जाईल, आणि सकाळी आठ वाजता नोंद घेईपर्यंत कदाचित पुन्हा वर आलेलेही असेल. बिघाड कोणाला दिसणार नाही. टोचलेल्या बालकाला मात्र संरक्षण मिळालेले नसेल, आणि त्याच्या आईला ते कधीच कळणार नाही. म्हणून कळ तिच्या योग्य जागी ठेवून, तापमान २ आणि ८ यांच्या मध्ये स्थिरावेपर्यंत कारागिराने तेथे थांबावे, अशी या कामाची शिस्त आहे. शेवटची गाडी चुकली, तर चुकली.

तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, सकाळी व सायंकाळी, हाताने करण्याची पद्धत आहे. २०१५ पासून अनेक राज्यांत कपाटांत विद्युत तापमान-नोंदक बसवले गेले, आणि मर्यादा ओलांडताच दूरध्वनीवर सूचना मिळू लागली. परंतु सूचना म्हणजे दुरुस्ती नव्हे. सूचनेनंतर निघणारा हात लागतोच. अशा कारागिरांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात राष्ट्रीय शीतसाखळी प्रशिक्षण केंद्र आहे. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले. त्या यशात वैद्य, परिचारिका आणि स्वयंसेवक यांच्याबरोबर या अनामिक कारागिरांचाही वाटा होता.

लडाखसारख्या प्रदेशात हाच प्रश्न उलटा होतो. हिवाळ्यात बाहेरचे तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाते, आणि तेथे लसीला थंडीपासून राखावे लागते.

'गॅस संपला' म्हणजे काय झाले?

वातानुकूलन यंत्र गार करीत नसले, की 'गॅस संपला, भरून टाका' असे म्हणण्याची सर्वत्र सवय आहे. चुलीतील सरपण संपावे तसा शीतक संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर त्याचा एकच अर्थ होतो: कोठे तरी गळती आहे. गळती न शोधता नवा शीतक भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

योग्य दुरुस्तीस वेळ लागतो. प्रथम उरलेला शीतक यंत्राच्या साह्याने टाकीत काढून घ्यावयाचा. नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांना साबणाचा फेस लावावयाचा आणि बुडबुडा कोठे येतो ते पाहावयाचे. सापडलेले छिद्र झाळून बंद करावयाचे. त्यानंतर निर्वात पंप लावून नळ्यांतील हवा व ओलावा काढून टाकावयाचा. ही पायरी घाईत पुष्कळदा गाळली जाते, परंतु तिच्यामागील विज्ञान मोठे सुंदर आहे. दाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत उतरवला, की पाणी २५ अंशांनाच उकळू लागते. म्हणून पंपाने दाब त्याहूनही पुष्कळ खाली नेला, म्हणजे नळीत अडकलेला ओलावा विस्तवाशिवाय वाफ होऊन निघून जातो. तो राहिला, तर बारीक नळीच्या तोंडाशी गोठून मार्ग अडवतो, आणि तेल व शीतक यांच्याशी मिळून आम्ल तयार करतो. ते आम्ल संपीडकाची गुंडाळी खाते. शेवटी शीतक तोलून, निर्मात्याने सांगितलेल्या वजनाइतकाच भरावयाचा.

गळक्या यंत्रात नुसता शीतक भरण्यास फार वेळ लागत नाही. वर सांगितलेल्या दुरुस्तीत सहज अर्धा दिवस जातो. वरिष्ठांना आणि तक्रारदाराला घाई असते. दोन महिन्यांनी तेच यंत्र पुन्हा बंद पडेल, हे त्या क्षणी फक्त कारागिराला ठाऊक असते. त्याने कोणता मार्ग निवडावा, हा प्रश्न तांत्रिक असण्यापेक्षा सचोटीचा अधिक आहे.

नळीतून आकाशापर्यंत

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९२८ च्या सुमारास टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन या वर्गातील शीतक शोधून काढले. ते विषारी नव्हते आणि पेट घेत नव्हते; अमोनिया व गंधक डायऑक्साइड यांच्या तुलनेत ते वरदानच वाटले. परंतु १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले, की हे स्थिर वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचतात, तेथे सूर्याच्या जंबुपार किरणांनी फुटतात, आणि त्यांतून सुटलेला क्लोरिन ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला दरवर्षी पडणाऱ्या भगदाडाचे वृत्त प्रसिद्ध झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला, आणि २०१० पासून या वायूंचे उत्पादन, औषधी उपयोगाचा अल्प अपवाद सोडता, थांबले.

त्यांच्या जागी आलेल्या वायूंतही दोष आहेत. आर-२२ हा शीतक ओझोनला काही प्रमाणात अपाय करतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. आर-३२ साठी हा आकडा सुमारे ६७५ आहे. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, या बाबतीत जवळजवळ निर्दोष आहे. पण तो ज्वालाग्राही आहे. २०१६ मध्ये किगाली येथे या नव्या वायूंवरही मर्यादा घालण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तो निर्णय मान्य केला. यावरून दिसते, की कारागीर जेव्हा जुन्या यंत्राची नळी कापून आतील वायू हवेत सोडतो, तेव्हा तो फुसकन् होणारा आवाज क्षणभराचा असला, तरी त्याचा परिणाम पुढील अनेक वर्षे टिकतो. राजधान्यांत झालेल्या करारांचे पालन शेवटी गच्चीवर बसलेल्या या माणसाच्या हातात असते. २०१९ च्या भारतीय शीतन कृती आराखड्यात एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, त्याचे कारण हेच होय.

स्वतःचा जीव

या धंद्यात धोके आहेत, आणि ते बहुधा शांत असतात. वीज बंद केली, तरी मोटरच्या संधारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, विद्युतभार शिल्लक असतो. तो योग्य रीतीने उतरवल्याशिवाय तारेला हात लावता कामा नये. मुख्य कळ बंद करून तिला कुलूप घालावे आणि 'काम चालू आहे' अशी पाटी लावावी. नाही तर खालचा मनुष्य सद्हेतूनेच वीज सुरू करतो. बंदिस्त खोलीत शीतक गळला, तर तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि श्वासाची हवा हटवतो. दाबाच्या चाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी त्याचा संबंध येऊन स्फोट होतो. उंचीवर काम करताना कमरेचा सुरक्षापट्टा बांधलेलाच असावा. उमेदवारीत हे नियम पाठ होतात. ते पाळण्याची साधने पुरवणे हे मात्र संस्थेचे कर्तव्य आहे. पट्टा दिला नाही आणि शिडी मोडकी दिली, तर नियमांची पाटी भिंतीवर शोभेपुरतीच उरते.

तापत्या उन्हाळ्यात

मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांपर्यंत चढले. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले. त्यानंतर तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील ती पहिली समजली जाते. त्या काळातील एका अभ्यासात असे आढळले, की रुग्णालयाच्या सर्वांत वरच्या, तापणाऱ्या मजल्यावरील प्रसूतिकक्ष खाली हलवल्यावर उष्म्याने आजारी पडणाऱ्या नवजात अर्भकांचे प्रमाण घटले. येथे कोणतेही नवे यंत्र लागले नाही. लागली ती समज. उष्णता उपसण्यापेक्षा ती आत येऊ न देणे नेहमीच स्वस्त असते. छतावर पांढरा रंग, खिडकीवर पडवी, दाराच्या फटीला पट्टी या गोष्टी यंत्राचा भार हलका करतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार वातानुकूलन यंत्राचे ठरवलेले तापमान एका अंशाने वाढवले, तरी सुमारे ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून नवी खोलीयंत्रे सुरू होताना आपोआप २४ अंशांवर राहतील अशी व्यवस्था करण्यात आली. यंत्र रोज हाताळणारा कारागीर हे सर्व पाहत असतो; त्याचा सल्ला विचारण्याची प्रथा कार्यालयांनी पाडली, तर तो केवळ दुरुस्ती करणारा न राहता इमारतीचा वैद्य होईल.

आपल्या समाजात हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानाला ज्ञान म्हणण्याची सवय अजून पुरती रुजलेली नाही. परंतु गुप्तोष्मा, वायूंचे दाब, विजेची मापे आणि वातावरणाचे रसायन या चार शास्त्रांचा रोजचा व्यवहार जो करतो, त्याला निव्वळ 'फ्रिजवाला' म्हणून भागणार नाही. विज्ञानाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला हा व्यवसाय पोट भरण्याचे साधन तर देतोच, शिवाय शिकलेला नियम लोकांच्या उपयोगी पडताना पाहण्याचे समाधानही देतो. एखाद्या आडगावच्या केंद्रात रात्री वीज जाते आणि येते. कपाटाचा काटा ४ अंशांवर स्थिर राहतो. सकाळी आया मुलांना कडेवर घेऊन लसीसाठी येतात आणि परत जातात. काहीच घडत नाही. या काहीच न घडण्यातच त्या कारागिराचे कर्तृत्व असते.